माझ्या प्रार्थनेतली दुसऱ्यांची पापं

पेण, गुरुवार

तीर्थस्वरूप विमलताई हिस,

धाकट्या दिनानाथचा सलाम. प्रभुकृपेने आम्ही सगळे सुखरूप आहोत; रोह्याच्या घराचे तीन जिने तुझे गुडघे अजून चढू देतात का, ते कळव. चार वर्षं तू माझ्याशी बोलत नाहीस, म्हणून पत्र लिहितो. (फोन तू कापतेस. पत्र निदान हातात तरी घ्यावं लागतं.)

ताई, मी अजून हादरलेलो आहे. झालं असं, की लेंट, ईस्टरआधीचे उपासाचे चाळीस दिवस, सुरू झाला आणि मला वाटलं, आपल्याला आता कुणीतरी आत्मिक मार्गदर्शक हवा. (निवृत्त माणसाला कुंड्यांना पाणी घालून झाल्यावर असं काहीतरी वाटतंच.) चर्चच्या पाळकसाहेबांना म्हटलं, पुण्याचे एखादे विद्वान रेव्हरंड सुचवा. त्यांनी सुचवल्या जिते गावच्या इंदुबाई! आपल्या मंडळीत मागच्या चटईवर बसून उपदेशभर पेंगतात, त्याच. (पेंगत नाहीत, ऐकतात, हे आता कळलं.) तरी गेलो, वहीत अकरा प्रश्न लिहून. पहिलाच होता, माझ्या आयुष्याविषयी देवाची योजना काय? बाईंनी वही बाजूला ठेवली, वालाच्या शेंगांची टोपली माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या, "सोला. नि काल देवाजवळ काय मागितलंत, तां सांगा."

मी सोलत सोलत सांगितलं. आमच्या अक्षयचा आळस जावा, सूनबाई प्रणिताने नवऱ्यावर ओरडणं सोडावं, शेजारच्या निकेशची दारू सुटावी, पाळकसाहेबांचा उपदेश आटोपता व्हावा. टोपली रिकामी झाली तेव्हा बाई म्हणाल्या, "समद्यांची पापं झाली. तुमचं येक पन नाय?" ताई, मी घाम पुसत आठवून पाहिलं. खरंच नव्हतं!

मग त्यांनी नेम लावून दिला: महिनाभर प्रार्थनेत दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही. काल बुधवारच्या सभेत मी उभा राहिलो. माझी प्रार्थना वीस मिनिटं चालते, म्हणून गिरजाबाईंनी सवयीने भिंतीला पाठ टेकली. मी 'हे प्रभू, मी' एवढं म्हणालो आणि पुढे शब्दच फुटेना. अख्खी मंडळी डोळे उघडून माझ्याकडे बघायला लागली.

तेव्हा मला तुझ्या घरची चार वर्षांपूर्वीची ती सभा आठवली. व्याही-विहीणबाई चटईवर, तुझी सून सुरभी चहाचे कप मांडतेय आणि मी मोठ्यांदा म्हणतोय, 'प्रभू, आमच्या ताईच्या जिभेला लगाम घाल, तिच्या सुनेला सुखाचा घास मिळू दे.' सगळे आमेन म्हणाले. दुसऱ्या दिवशी व्याही सुरभीला माहेरी घेऊन गेले, ती सहा महिने आली नाही, आणि मी मात्र गावभर सांगत फिरलो, की मी तर फक्त प्रार्थना केली. ती प्रार्थना नव्हती, ताई. ती डोळे मिटून केलेली चहाडी होती. मला माझी फार लाज वाटते.

तुझा,
दिना

ता. क. खरं काम हे. येत्या बुधवारची सभा आमच्या घरी आहे. तू ये. सगळ्यांसमोर उभी राहून माझ्यासाठी प्रार्थना कर, वाटेल ते बोल, वाटेल तितका वेळ बोल. मी मध्येच खोकणार नाही.

आणखी ता. क. मुद्दे कमी पडले तर प्रणिताने तुझ्यासाठी दोन पानं लिहून ठेवली आहेत (पाठपोट). आणि काहीच बोलावंसं वाटलं नाही, तर नुसती येऊन बस. आमेन मी म्हणेन.