वामनदादांच्या नंबरावर तीनशे बारा

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

शुक्रवारी करायचं ठरलं! बोईसरच्या कारखान्यातला जुना सर्व्हर बंद, आणि आमच्या हेल्पडेस्कवरच्या सहा वर्षांच्या तक्रारी पालघर ऑफिसातल्या नव्या सर्व्हरवर. दिग्विजय सर, म्हणजे पालघरला बसणारे आमचे साहेब, फोनवर म्हणाले, "उत्कर्षा, एक ओळ गळता कामा नये आणि एक ओळ बाहेर फुटता कामा नये." गळायचं नाही, फुटायचं नाही. माठ आहे का मी?

डबा तसाच परत आणला.

४ नोव्हेंबर

लाडकी खिडकीशी आली होती. दांडी गावची. पॅकिंगला कंत्राटावर आहे. शेडमध्ये वास येतो, डोळे चुरचुरतात, मास्क देत नाहीत, ही ऑगस्टमधली तक्रार तिचीच. तिने सांगितली, मी टाइप केली. आता तिला कुठूनतरी कळलंय की सगळं पालघरला चाललंय. "बाय, माजं नाव नाय ना जानार तितं? मुकादमाला कळलं तर उद्याच गेटच्या भायेर काडील."

नाही जाणार म्हटलं. शब्द दिला. द्यायला काय जातं!

५ नोव्हेंबर

आमची पद्धतच उफराटी. जुन्या फॉर्मला कायम कामगाराचा नंबर लागतो, नाहीतर तो पुढे सरकतच नाही. कंत्राटवाल्यांना नंबर कुठला? म्हणून माझ्या आधीच्या बाई गेटवरच्या वामनदादांचा नंबर टाकायच्या. चार आकडी, लक्षात राहणारा, दादांची हरकत नाही. खरं नाव खाली शेऱ्यात. मीही तेच चालू ठेवलं. "वामनवर टाका" म्हणजे तक्रार लिहून घ्या, हे कारखान्यात नव्या माणसालाही आठवड्यात कळतं.

दादा नवापूरचे. डिसेंबरात निवृत्त व्हायचे, पण एक वर्ष वाढवून मागितलंय. त्यांच्या बायकोचा, काकूंचा, जन्म मासळीच्या पाटीखाली गेला, गुडघे संपलेत. कंपनीच्या विम्यात ऑपरेशन बसलं तर बसलं.

आणि मला सुचलं! शेऱ्याचा रकानाच वेगळा काढायचा, वेगळं कुलूप घालायचं, त्याची चावी फक्त माझ्याकडे. बाकीचं नंबरासकट जाऊ दे. लाडकीचं नाव कोणाच्या बापाला दिसणार नाही. स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

शुक्रवारी कारखान्याला साप्ताहिक सुट्टी, म्हणूनच आजचा दिवस धरला होता. झालं!! फाइलला कुलूप घालून पाठवली. फाइलचा पासवर्ड मेलवर नाही, फोनवर — अर्धा सरांना, अर्धा तिथल्या रिद्धीला. शेऱ्याची चावी तेवढी माझ्याकडेच. इकडे ४१०८ तक्रारी, तिकडे ४१०८. दोनदा मोजल्या. मग इकडचं पुसून टाकलं.

माकुणसारला घरी पोचेपर्यंत उजेड होता. आई म्हणाली, झालं ना काम, मग तोंड का असं? काय सांगू. काहीतरी राहिलंय असं वाटतंय आणि काय ते आठवत नाही.

८ नोव्हेंबर

डोकं दुखतंय. दुसरं काही नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

मेले मी.

नवं सॉफ्टवेअर आपणहून तक्ते काढतं. त्यातला एक — सर्वांत जास्त तक्रारी कोणाच्या. पहिलं नाव वामन. तीनशे बारा! दुसऱ्याच्या एकोणीस. हा तक्ता दिग्विजय सरांच्याही वरच्या मोठ्या साहेबांसमोर गेला, आणि दादांचा मुदतवाढीचा अर्जही त्यांच्याच टेबलावर. दिग्विजय सर म्हणाले, "हा माणूस गेट सांभाळतो की वकिली करतो? असल्याला आणखी वर्षभर कोण पोसेल?"

सर, त्या त्यांच्या नाहीत, मी म्हटलं. "मग कोणाच्या? शेरा उघड, दाखव." दादांचा अर्ज तेवढा नाकारू नका, एवढंच पुटपुटले. दोनदा मोजलं म्हणे! आकडे मोजले, माणूस बघितला नाही.

११ नोव्हेंबर

शेऱ्याची चावी, म्हणजे पासवर्ड, कागदावर लिहून पर्समध्ये ठेवलीय. दर तासाला हात लावून बघते. उघडली तर लाडकी जाते आणि तिच्यासारखे किती जातील देव जाणे. नाही उघडली तर दादा. थोडीच नावं दाखवू का, असंही विचारून पाहिलं. सर म्हणाले, "अर्धवट काही नको. सगळं, नाहीतर काहीच नाही."

चीड येतेय. लाडकीची नाही, दादांची तर नाहीच. माझ्याच दीडशहाणपणाची.

१२ नोव्हेंबर

दुपारी गेटवर जाऊन दादांना सगळं सांगितलं. "तीनशे बारा? येवडं तर मी बायकोशी पन नाय बोललो!" हसले. मग म्हणाले, "चावी कोनाकडं हाय?"

माझ्याकडे.

"मग ऱ्हाऊ दे तुज्याकडंच."

दादा, काकूंचं ऑपरेशन? त्यांनी आत येणाऱ्या टँकरला गेट उघडून दिलं. "मी सायबाशी बोलतो. तू मदी पडू नको."

कसली मध्ये पडू नको! भानगड माझी आहे. उद्या पालघरला जाऊन सरांना चावी देणार. त्याआधी लाडकीला सांगणार, पाया धरीन तिचे. शब्द मोडला तर मोडला. रडू येतंय आणि रागही येतोय.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

लाडकी आज कामावर नव्हती, तिला न सांगताच गेले. उशीर झाला. दादा सकाळीच पालघरला येऊन गेले होते. सगळ्या तक्रारी माझ्याच, असं लिहून दिलं, खाली सही. मुदतवाढीचा अर्जही परत घेतला.

सरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. दादांच्याच नंबरावरची एक तक्रार: ‘गेटवरचा वामन बायकांना पाण्याला सोडत नाही, वसवस करतो, त्याला समज द्यावी.’ सांगणारी लाडकी. टाइप करणारी मी. विसरलेच होते.

सर म्हणाले, "ही मी त्याला वाचून दाखवली. म्हटलं, हीसुद्धा तुझीच? तर मान खाली घालून म्हणतो, ‘हो सायब, माजीच. आनि खरी हाय ती.’"