जुन्या जीपला कोणतं ऑइल

३ जानेवारी, शुक्रवार

कल्याणनं डबा धाडला! लोकांची पोरं आईला साडी धाडतात, चपला धाडतात. माझ्या लेकानं जालन्याहून एसटीत ठेवून जीपच्या ऑइलचा डबा धाडला. सोनेरी. वरून चांगला चकचकीत.

फोनवर म्हणला, "आई, सिंथेटिक हाये. आमच्या साहेबाच्या गाडीत हेच असतं. एकदा टाकलं की दहा हजार किलोमीटर बघायचं काम न्हाई."

मी म्हणलं, साहेबाची गाडी कवाची रे? "मागच्या वर्षीची." अन् आपली?  आपली जीप त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. तो एकतीसचा, ती तेहतीसची. ताईला काय चालतं काय न्हाई, धाकट्याला काय कळतंय!

४ जानेवारी, शनिवार

सकाळी गावातल्या सात पोरींना जीपनं मंठ्याला शाळेत सोडलं अन् डबा घेऊन सिराजभाईच्या गॅरेजला गेले. हे होते तवापासून जीपचा डॉक्टर तोच. डबा हातात घेऊन फिरवला, वास घेतला.

"चीज एक नंबर हे भाभी. नयी गाडीत टाका, वाहवा. पर या म्हातारीत? तीस सालाचा मैल, मळ जमलाय आत. तोच मैल सगळ्या फटी बुजवून बसलाय. हे ऑइल पतलं. मैल धुऊन काढीन, मंग जिथून तिथून गळन."

मी म्हणलं, म्हणजे म्हातारीला आंघोळच घालायची न्हाई का?

"घाला ना. पर रगडून नको!"

मंग साधंच टाकलं, जाड, नेहमीचं. पण सिराजभाईनं बोट वर करून शर्त घातली. ही ऑइल पिती. दर सोमवारी इंजिनातली ऑइल मोजायची पट्टी काढून बघायची, कमी दिसलं की वरून टाकायचं. ऑइलचा लाल दिवा तर तीन वर्षांपासून लागतच न्हाई, तिच्या तोंडून काही कळायचं न्हाई. "एक बार सुकली तर इंजिन जाम. अन् हे इंजिन आता खोलून काही होत न्हाई भाभी. सामानच येत न्हाई."

हसत आल्ते, ते वाक्य ऐकून हसू गेलं.

६ जानेवारी, सोमवार

कल्याणचा फोन. "टाकलं का?"

टाकलं, म्हणलं. बिलकुल टाकलं. तोंडातून निघूनच गेलं. सोनेरी डबा ज्वारीच्या कोठीमागं ठेवलाय, वर गोणपाट. पोराचं मनही राहिलं, जीपही राहिली. काय बिघडलं?

७ जानेवारी, मंगळवार

दैवशालेला सांगितलं. शेजारीणच ती, पोटात काही ठेवायची न्हाई तिच्यापाशी. ती हसता हसता खाली बसली.

११ जानेवारी, शनिवार

येताना महजबीन पुढं बसल्ती. दहावीला हाये. सात पोरींत हीच हुशार. म्हणली, "मावशी, वीस तारखेपासून पूर्वपरीक्षा. तुम्ही आजारी नका पडू." मी म्हणलं, मी पडले तरी जीप येईन, तिला रस्ता पाठ हाये.

पण तिचा बाप तौफिक संध्याकाळी दारात उभा राहून बोलला ते काही गमतीचं न्हाई. "मावशी, तुम्ही नेता म्हणून धाडतो. दुसऱ्याच्या गाडीत न्हाई. ज्या दिवशी तुमची जीप बंद, त्या दिवशी आमची शाळा बंद." बाकीचे बापही हेच म्हणत असतील, तौफिक निदान तोंडावर बोलतो. सकाळची एसटी बंद झाली तवाच तीन पोरी घरी बसल्या. त्यातल्या एकीचं लगीनसुदिक झालं.

१३ जानेवारी, सोमवार

भोगी. भाजी, भाकरी, राळ्याचा भात. पट्टी बघायची राहिली. उद्या बघते.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. मला वाणाला कोणी बोलवीत न्हाई, त्यामुळं माझा वेळ वाचतो!

कल्याण आला, एकटाच. सुनेला, प्रियाला, कणकण हाये म्हणं. तिळगूळ तोंडात टाकायच्या आधी जीपची चावी मागितली. गावाला एक चक्कर मारून आला अन् खाली उतरून म्हणतो कसा, "बघ आई! आवाज किती हलका झाला! सिंथेटिकचा फरक!"

मी पदर तोंडात कोंबला. दैवशाला भिंतीपलीकडं खोकत होती, मेली.

"पिकअपपण वाढलाय," म्हणला.

वाढणारच की, म्हणलं. एवढं महागडं ऑइल!

पण दिवसभर तो जीपभोवतीच. बॉनेट उघडावं, जाड ऑइल वरून टाकावं, तर बिंग फुटलं असतं. पट्टी तशीच राहिली.

१५ जानेवारी, बुधवार

जीप घेऊन गेला!

सकाळी चहा पिता पिता म्हणला, चार दिवस सुट्टी काढलीय. प्रियाला घेऊन चिखलीला तिच्या माहेरी, तिथून शेगावला, रविवारी परत. मी म्हणलं, पोरींचं काय? "चार दिवस बघतील त्या काहीतरी." मी म्हणलं, थांब, ऑइल बघते आधी. तर हसला. "आई, सिंथेटिक हाये! आता बघायचंच न्हाई, तेच तर सुख!"

माझंच तोंड, माझंच खोटं. अंगणात उभी राहिले. धूळ बसली तरी उभीच.

१६ जानेवारी, गुरुवार

दैवशालेनं ट्रॅक्टर काढला. पोरी ट्रॉलीत, मी मडगार्डवर. तौफिकच्या कपाळाला आठी, पण मी संग होते म्हणून धाडली.

तसंच सिराजभाईकडं. म्हणलं, पट्टी दहा-बारा दिवसांपासून बघितली न्हाई. इथून जालना, चिखली, शेगाव अन् परत. पोचंन का?

त्यानं हातातला पाना खाली ठेवला. "पावणेपाचशे किलोमीटर होतात भाभी. हायवेला पळवली की दुप्पट पिती ती. तीनशे जाईन. उसके बाद अल्ला मालिक."

मंग माझ्याकडं बघून, "फोन करा ना. सच बोलून टाका."

सांगणं सोपंय त्याला. कल्याणचं ते तोंड— "आवाज किती हलका झाला!" ते तोंड माझ्या डोळ्यापुढून जात न्हाई. जालन्याला गेल्यापासून सहा वर्षांत आईसाठी हौसेनं काही धाडलं तर ते हे. अन् मी दैवशालेपाशी त्याचं हसं केलं.

१७ जानेवारी, शुक्रवार

आठ फोन. उचलत न्हाई. नवव्याला प्रियानं उचलला, तिच्या फोनवर. "ते बाहेर गेलेत, आई." मागं कुकरची शिट्टी. म्हणजे चिखलीला पोचले. म्हणजे सव्वाशे-दीडशे झाले. अजून शेगाव पुढंच.

म्हणलं, त्याला म्हणावं पट्टी बघ. "कसली पट्टी?" इंजिनाची ग बाई! "बरं," म्हणली, पण आवाज कसातरीच होता. बिचारीला काय कळणार.

पोरींची आज ट्रॉलीत थंडीनं दातखीळ बसली. एका पोरीची आई म्हणली, सोमवारी जीप नसंन तर पेपरला धाडणार न्हाई.

भाकर गेली न्हाई.

१८ जानेवारी, शनिवार

बोलले!

दुपारी साडेबाराला एकदाचा उचलला. मागं गाड्यांचा आवाज. मी श्वास न घेता सांगितलं— गाडी बाजूला घे. आधी बंद कर. आत तुझं सिंथेटिक न्हाई. मी टाकलंच न्हाई. साधं ऑइल हाये अन् ते दोन आठवड्यांपासून बघितलं न्हाई. ती ऑइल पिती, तेहतीस वर्षांची हाये, कवाबी जाम होईन. डबा कोठीमागं हाये. मी खोटं बोलले, मला काय बोलायचं ते बोल, पण पुढं नेऊ नको.

 दोनदा हॅलो हॅलो केलं.

मंग एक परका माणूस बोलला, थोडा लांबून— "मंग राहू द्या, भाऊ."

कोण रे तो, म्हणलं. "कोणी न्हाई," कल्याण म्हणला. "उद्या येतो." ठेवला.

चिडला न्हाई.  ह्यांचंही असंच होतं, लई राग आला की गप. आता जीप वाचली का न्हाई तेही कळंना, अन् लेक गेला का राहिला तेही.

१९ जानेवारी, रविवार

जीप दारात. पट्टी बघितली, तळाला बोटभर ऑइल होतं. वाचली!

शेगावला कोणी गेलं न्हाई, चिखलीलाही न्हाई. चार दिवस जीप जालन्यातच उभी होती. विकायला काढल्ती. माझा फोन आला तवा गिऱ्हाईक शेजारी उभं, फोन स्पीकरवर. सगळं ऐकलं अन् निघून गेलं.

भांडायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागच्या बाकावर निजून आलेली प्रिया खाली उतरली. भिंतीला हात टेकून, हळूच. मी पोटाकडं बघितलं. पाचवा लागलाय. मागच्या बारीला सगळ्यांना सांगितलं अन् राहिलं न्हाई, म्हणून या बारीला कोणालाच बोलले न्हाईत. कल्याण खाली बघून म्हणला, "डॉक्टरनं झोपून राहायला सांगितलंय. घरात कोणी पाहिजे. अन् जीप दारात असली की तू काही येणार न्हाईस, आई."

येड्या, एकदा ये म्हणून तर बघायचं.

प्रियाला आत नेऊन खाटेवर निजवलं. मंग भिंतीवरून हाक मारली— दैवशाले, उद्यापासून ट्रॅक्टर ठेव घरी. जीपवर बस. पोरींना तू ने, तौफिकला मी सांगते; मी आता सुनेपाशी.