डाव्या रेणूची रिकामी जागा

ती. अण्णा,

नमस्कार लिहिला, पण धाडू कुठल्या पत्त्यावर? उद्या लॅबच्या फ्रीझरमधली तुमच्या रक्ताची शेवटची कुपी उघडायची आहे, म्हणून आज लिहायला बसले. अस्थी गंगेत सोडल्या, धोतरं वाटून टाकली. तुमच्या देहातलं म्हणावं असं एवढंच उरलंय, चमचाभर. तेही उद्या संपेल.

मी पहिल्यांदा समजावलं तेव्हा तुम्ही कशी फिरकी घेतली होती, आठवतं? तुमच्या कंपवाताच्या गोळीतला रेणू डावा. त्याचं आरशातलं रूप उजवं. अणू तेच, तरी डावा औषध आणि उजवा नुसता त्रास. जन्मभर घाटावर लोकांची श्राद्धं चालवलेली माणसं तुम्ही! थरथरत्या हातानं जानवं डाव्या खांद्यावरून उजव्यावर घेतलंत. "अगं, हे तर सव्य आणि अपसव्य! सूत तेच. यात एवढी पढाई कसली?"

पढाई ओळखण्यात होती, अण्णा. डाव्या रेणूभोवती पॉलिमर, म्हणजे प्लॅस्टिकसारखं द्रव्य, जमवायचं, घट्ट झालं की आतला रेणू धुवून काढायचा. मागे त्याच्याच आकाराची पोकळी उरते. डावा आला की आत तीन जागी टेकतो, बसतो. उजवा दोन जागी टेकतो, तिसरी चुकते. डाव्या वहाणेत उजवा पाय घातल्यासारखं.

किती पोकळ्या भरल्या ते मोजून तुमच्या रक्तात औषध किती उरलंय ते कळावं, गोळी अंदाजानं द्यावी लागू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप. औषध कमी पडलं की तुम्ही पायरीवर थिजून जायचात, हातातली पळी हलायची नाही. जास्त झालं की हात भलतीकडे उडायचे. एकदा यजमानाचा पिंडच उडाला! "क्षमा करना भैया, हाथ अब हमारा नहीं रहा," म्हणालात. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

रागही येतो तुमचा. रक्त घ्यायला आले की हात पुढे करायचात. "घे, घे, गंगेला पाण्याची काय कमी?" एकदा तरी विचारायचंत, पोरी, वेळेत जमेल का? का नाही विचारलंत? उत्तर ठाऊक होतं का तुम्हाला?

जमलं, अण्णा. तुम्ही गेल्यावर जमलं. पॉलिमरनं डावा धरला, उजवा सोडून दिला. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी बेसिनशी उभी राहून रडत होते.

दादा आलाय कानपूरहून. चेहरा तुमचा, खोकला तुमचा. जेवायला तुमच्या पाटावर बसला. मला वाटलं होतं, तेवढंच बरं वाटेल. नाही वाटलं. त्याची काय चूक?

उद्या आकडा येईल. त्या शेवटच्या सकाळी, ही कुपी भरली तेव्हा, औषध किती कमी होतं, गोळी कधी द्यायला हवी होती, सगळं कळेल. पण ती गोळी आता कुणाला देऊ मी?

तरी कुपी उघडीन, वचन देते. जपून ठेवायला नव्हती दिलीत तुम्ही. शेवटचा थेंब ओतताना हात थरथरू देणार नाही. थरथरलाच, तर तो तुमचा समजेन.

तुमची,
कुंदा