शांतेने दाबलेले आकडे

८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी यांनी मला भिंतीकडे तोंड करायला लावलं. माझ्याच घरात, निवृत्त मुख्याध्यापिकेला!

मामंजींची बंदूक ठेवायला आणलेली लोखंडी तिजोरी मिस्त्रीने चार बोल्ट मारून भिंतीत पक्की बसवली आणि तो गेला. मग नंबर लावायचा होता. हे म्हणाले, "मार्था, जरा तिकडं तोंड कर. परवाना माझ्या नावावर आहे, नंबर दुसऱ्याला कळता कामा नये." नियम आहे, मान्य. फिरवलं तोंड. तर यांना चष्मा सापडेना. लगेच नेवाशाहून आलेल्या बहिणीला हाक! "शांते, तू दाब गं आकडे."

शांता दुसरी नाही का? चाळीस वर्षं यांचा संसार मी केला की तिने? आकडे दाबून झाल्यावर वर मलाच विचारते, "वहिनी, भितीवर काय लिवलंय व्हय?" हे हसले. तेच लागलं.

भिंतीवर काही लिहिलेलं नव्हतं. पण फळीवर, माझ्या नाकासमोर, यांचा चष्मा होता. तो आता माझ्या पर्समध्ये आहे. हे पाप का? शाळेतल्या सिस्टर हो म्हणाल्या असत्या. असू दे.

उद्या चहाबरोबर चिठ्ठी देणार: मी दुसरी कशी आणि शांता आपली कशी, याचा लेखी खुलासा रविवारी चर्चची पहिली घंटा होण्यापूर्वी मिळावा. स्वतःच्या हस्ताक्षरात. शांतेकडून लिहवून घेतलेला चालणार नाही.