ढब्ब्याला सॉस कोण देतं?

७ जानेवारी
ढब्ब्या आज पायरी चढेना! कुत्रा फुगून गोळा झालाय आणि हिरड्या मात्र पांढऱ्याफटक. डॉक्टरीणबाईंनी रक्त काढलं. "कांदा-लसूण खातो का?" छे! माझ्या घरी त्याचं वेगळं शिजतं, बिनमिठाचं. "मग सॉस?" आता सॉस कोण देईल कुत्र्याला!

८ जानेवारी
रक्त फारच कमी. बाई म्हणाल्या, बोटभर केचपने कुत्रं मरत नाही, पण बाटल्यांत कांद्या-लसणाची पूड असते, रोज पोटात गेली तर रक्त नासतं. मोहरीचा सॉस नको, खारट नको, बिनसाखरेचा गोड तर मुळीच नको, त्यातली कृत्रिम साखर कुत्र्याला विषच.

संशय सरळ ह्यांच्यावर. टेबलाखाली घास टाकायची खोड आहेच. "मी? शपथ!" म्हणे. चोर तो चोर, वर शिरजोर!

९ जानेवारी
अबोला.

११ जानेवारी
लसणाच्या सॉसची बाटली परत संपली. ती फक्त बाबांसाठी, म्हणजे सासऱ्यांसाठी आणते. त्यांचं जेवण हल्ली सुधारलंय — ताट खोलीत नेऊन द्यायचं, अर्ध्या तासात लख्ख! पंधरा वर्षं माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवणारा माणूस आता म्हणतो, "झकास! सॉस जरा जास्त घाल, ओलसर बरं पडतं." खोटं कशाला बोलू, हुरळून जाते मी. दुप्पट वाढते.

१२ जानेवारी
बाबांच्या खोलीचं दार किलकिलं होतं. ताट जमिनीवर, ढब्ब्या चाटतोय, बाबा त्याच्या पाठीवरून हात फिरवतायत!

तोंडाचा पट्टा सुटला माझा. "कुत्रं मरायला टेकलंय, आणि तुम्ही—" नको नको ते बोलून गेले मी.

ह्यांची माफी मागितली. फार भाव खाल्ला.

१५ जानेवारी
ढब्ब्याच्या हिरड्या किंचित गुलाबी. शेपूट हलवली! जीव भांड्यात पडला.

दुपारी ताट घेऊन बाबांसमोरच ठाण मांडलं. म्हटलं, आता खा बघू. एक घास कितीतरी वेळ तोंडात घोळवला, मग हळूच रुमालात काढला.

१६ जानेवारी
जाडा स्वेटर उतरवून बाबांना काट्यावर उभं केलं. एकेचाळीस किलो. ऑक्टोबरपासून घास खाली उतरत नाही म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"रिकामं ताट बघून तू किती खूश व्हायचीस."