बूट काढून बसलेली ओर्तान्स

ईव्हतो, ८ एप्रिल १८७७

चि. ओर्तान्स हिस फिलोमेन मावशीचे अनेक आशीर्वाद.

युस्ताश खाटीक पॅरिसला जाऊन आला आणि गावभर सांगत सुटला, की तिथल्या एका चित्रप्रदर्शनात आपली ओर्तान्स बागेतल्या बाकावर बसली आहे, तीही बूट काढून, आणि शेजारी एक पुरुष! लाल केसांवरून ओळखलं म्हणे. आईविना पोर म्हणून तुला वाढवलं, टोप्यांच्या दुकानात नोकरी धरते म्हणालीस तर जाऊ दिलं, त्याचे असे पांग फेडलेस? गुरुवारी येऊन चित्र बघणार आहे. खरं निघालं तर हाताला धरून परत आणीन.

रागातही तुझीच,
मावशी

पॅरिस, १० एप्रिल

ती. मावशीस कृ. सा. न. वि. वि.

अगं, तो पुरुष कोण कुठला, मला काय ठाऊक! गिऱ्हाइकांकडे टोप्या पोचवून येताना घटकाभर टेकले होते. तो आपला पेपर वाचत होता. समोर चित्रकार बसलाय हेही मला नंतर कळलं. या मंडळींना हल्ली देवदेवता नकोत, आमच्यासारखी रस्त्यावरची माणसंच लागतात. माझं इथं मस्त चाललंय, कामाचा त्रास मुळीच नाही. मला परत नेऊ नकोस गं, हे शहर आता सोडवणार नाही. आणि युस्ताशला म्हणावं, सुऱ्यांना धार लाव, जिभेची पुरे झाली.

लोभ आहेच, तो गुरुवारनंतरही राहावा.
तुझी ओर्तान्स

ईव्हतो, १३ एप्रिल

चि. ओर्तान्स, आशीर्वाद.

काल आले होते. तुला न भेटताच परतले, रुसू नकोस. चित्राजवळ गेले तर नुसते रंगाचे फटकारे. युस्ताशनं सांगितलेला पुरुष म्हणजे एक काळी टोपी आणि पेपर! हसूच आलं. जरा मागे सरले आणि तू दिसलीस. डोळे मिटलेले, मांडीवर टोपीचं खोकं, पाय सुजलेले. माझ्या शेजारी उभा राहून चित्र बघणारा एक गृहस्थ हसून म्हणाला, हे पाय आहेत की बटाटे? मी म्हटलं, दिवसभर लोकांचे जिने चढा, तुमचेही बटाटे होतील. बिचाऱ्यानं माफी मागितली.

मग तुझ्या दुकानाच्या काचेतून डोकावले. मैत्रिणींबरोबर खिदळत होतीस. इतकी हसरी तू इथे कधी नव्हतीस, तुला न्यायला मन धजेना. राहा तिथेच. पण पोरी, दरवेळी मस्त चाललंय म्हणून लिहितेस, आणि दमलेली मला परक्याच्या चित्रात दिसावीस? फार लागलं मनाला. मावशीला तरी खरं लिहीत जा.

तुझी,
मावशी

पॅरिस, १५ एप्रिल

ती. मावशीस सा. न.

आज पाय ठणकताहेत. मालकीण ओरडली, जिन्यात बसून थोडं रडले. तुझी फार आठवण आली. लोकरीचे मोजे विणून पाठव.

तुझी, खूप दमलेली आणि खरोखर मजेत असलेली,
ओर्तान्स