पानाची कडा

३ मे
बायको मेहुण्याकडे गेली. हवापालटासाठी. स्वेटरही नेले. दूरदृष्टी लागते ती हीच. जाताना म्हणाली, इतक्या वर्षांत माझ्या झाडांकडे कधी धड बघितलंस का? ती कॉलेजात बॉटनी शिकवते. मुद्दा रास्त आहे.

४ मे
संकल्प: तिच्या पुस्तकातून पानांचे आकार आणि कडा शिकणे. रोज एका पानाचं वर्णन तिला पाठवणे. आठवड्यात परत येईल, लिहून ठेवतो.

५ मे
बाल्कनीतली कोपऱ्यातली कुंडी. झाडाचं नाव ठाऊक नाही. आकार हृदयाकृती, कडा अखंड. पाठवलं. तिने वाचलं, उत्तर नाही. मौन म्हणजे संमती.

८ मे
दोन दिवस पाठ धरली होती. अभ्यास बुडाला. हृदयाकृती एवढं मात्र पाठ आहे.

११ मे
तेच पान. कडा अखंड नसून दंतुर निघाली. त्या दिवशी घाईत बघितलं असणार. दुरुस्ती पाठवली. शास्त्रात चूक कबूल करायला लाज कसली?

१५ मे
आता खंडित! मी लक्ष घातल्यापासून झाड खुललंय. शेजारच्या काकू म्हणाल्या, औषध मारा. म्हटलं, काकू, हा तुमचा विषय नव्हे.

१९ मे, सकाळ
तिचा फोन! रविवारी येते म्हणाली. मी म्हणालो होतोच. नवी चादर आणली. पान आता नुसतं जाळीदार. बघून थक्क होईल.

२३ मे
आली. सोबत मेहुणा आणि टेम्पो. कुंड्या न्यायला.

मी पान हातात धरून सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. तिने ते उलटं केलं. खाली गलेलठ्ठ हिरवी अळी. एकदाही उलटून बघितलं नाहीस का, विचारलं. म्हटलं, पुस्तकात आकार आणि कडा एवढंच होतं. वाटलं, आता चिडेल. चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

ती कुंडी सोडून बाकीच्या नेल्या. इतरांना लागण नको म्हणाली. मेहुणा माझ्याकडे न बघता उचलत होता. बीपीच्या गोळ्या वेळेवर घे म्हणाली.  परत कधी येशील, मी विचारलं.

आता इथून न्यायचं काही राहिलं नाही, म्हणाली.

मी समोरच उभा होतो.